शक्य असल्यास

निसळांना मी तीन वर्षं रोज बघत होतो, पण त्यांचा उजवा हात जिथं संपत होता ती जागा मी कधी बघितली नव्हती. मे महिन्यात नगरच्या उन्हानं आमच्या कचेरीचे पत्रे तापायचे, आम्ही सगळे गुंड्या सोडून, मानेवर ओला रुमाल टाकून बसायचो, आणि हा गृहस्थ काळा अल्पाकाचा कोट गळ्यापर्यंत बंद करून ताठ. उजवी बाही कोपरापासून रिकामी. तिचं टोक खिशात खोचलेलं आणि आतून पिनेनं टाचलेलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, स्वारी साहेबी थाटात खिशात हात घालून बसली आहे. जवळून बघणाऱ्याला तसं वाटत नसे, पण निसळ कुणाला फारसं जवळ येऊच देत नसत.

माणूस चांगला होता का, असं मला विचारू नका. जिभेला हाड नव्हतं. कुणाला दुखावल्यावर चेहऱ्यावर एवढीशी सुरकुती पडायची नाही. पण त्या दिवसांत पायानं, हातानं, डोळ्यानं अधू होऊन आलेल्या जेवढ्या माणसांना नगरकडे पोटाला लागता आलं, तेवढी या एका माणसाच्या कजागपणामुळे लागली. आणि त्याचं शेवटी जे झालं त्यात माझाही हात आहे. दोन्ही हात धड असलेला मी, म्हणून मुद्दाम सांगतो.

कचेरी कसली, भिंगारच्या वाटेवरचं जुनं गोदाम होतं ते. लढाई संपत आली आणि सरकारला एकदम आठवलं की आपण हजारो पोरं भरती केली होती, त्यातली बरीच अर्धीमुर्धी परत आली आहेत. मग हुकूम निघाला. जो कारखानदार असा एक तरी जायबंदी शिपाई कामावर ठेवील, त्याला कोळसा, सूत, लोखंड, घासलेट यांच्या परवान्यात आधी विचारात घेतलं जाईल. तेव्हा परवान्याशिवाय सुताची गुंडी हलत नव्हती, त्यामुळे मालकलोक हुकूम ऐकून तरी घ्यायचे. शिपायांची नावं लिहायची आणि मालकांच्या दारात जायचं, हे आमच्या कचेरीचं काम. मी टंकलेखक आणि दोन नंबरचा कारकून. निसळ एक नंबरचे. दोघंही हंगामी.

ते स्वतः लढाईत गेलेले नव्हते. उत्तरेला कालव्याच्या भागात एक साखर कारखाना होता, तिथं ते टाइमकीपर होते. एका गळीत हंगामात चरकाजवळ एक मजूर घसरला, त्याला ओढायला हे धावले. मजूर वाचला, यांचा हात गेला. कारखान्यानं शाल दिली, नारळ दिला आणि टाइमकीपरच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवला. मग यांनी वर्षभर घरात बसून डाव्या हातानं लिहायचा सराव केला. कागद जवळजवळ आडवा धरून, ओळ वरून खाली उतरावी तसं लिहायचे. शाई पुसू नये म्हणून काढलेली युक्ती ती. अक्षर मात्र असं, की माझं टायपिंग त्यापुढे गबाळं वाटायचं. कचेरी उघडली तेव्हा वरचा साहेब गोरा होता. त्यानं ते अक्षर बघितलं, रिकाम्या बाहीकडे बघितलं, मान हलवली आणि ठेवून घेतलं. कागदावर कुठंही हाताचा उल्लेख केला नाही. लढाईचे दिवस, कारकून मिळत नव्हते.

निसळांची कामाची पद्धत ठरलेली. सकाळी दारापासून रांग लागायची. टेबलावर रजिस्टर, आणि ओरडायचं, "पुढचा!" नाव, गाव, पलटण, काय गेलं. याच क्रमानं चार प्रश्न. मान वर करायची नाही.

"मुळे," मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मान वर केली की तोंड दिसतं. तोंड दिसलं की वेळ जातो. बाहेर अजून वीस जण उन्हात उभे आहेत."

मी शिकलो. वाईट गोष्टी मला लवकर येतात.

या रांगेतल्या माणसांची एक खोड होती. सगळी पाथर्डी, शेवगावकडची कोरडवाहू गावांतली माणसं. भरतीच्या वेळी डॉक्टरपुढे उभं राहताना त्यांना एकच गोष्ट कळलेली, की काहीही दुखतंय म्हटलं की परत घरी पाठवतात. तेव्हा छाती काढायची आणि सगळं ठीक आहे म्हणायचं. आता हात तुटून, पाय तुटून आले तरी ती सवय जाईना. तिसगावचा गेनू आला तेव्हा खांद्यावरच्या घोंगडीत उजवा हात गुंडाळून आला.

"काय गेलं?" निसळांनी विचारलं.

"कायबी न्हाई गेलं, सायेब. समदं ब्येस हाय."

"मग इथं कशाला आलास? तमाशा बघायला?"

"नोकरी पायजे हुती."

"घोंगडी काढ."

गेनू हलेना. निसळांनी डाव्या हातानं ती खसकन ओढली. मनगटाच्या वरपासून हात नव्हता. ब्रह्मदेशात राहिला होता तो. रांगेतले सगळे बघत होते आणि गेनूनं तो तुकडा पोटाशी धरला.

"टेबलावर ठेव."

"सायेब..."

"टेबलावर ठेव म्हणतो ना! हे तुझं सर्टिफिकेट आहे, गाढवा. मालकाला आधी हे दाखवायचं, मग तोंड उघडायचं. लपवलंस तर तो म्हणेल, हा आणखी काय लपवत असेल? आधी थोटकं टेबलावर, मग नाव-गाव. म्हण."

"आदी थोटकं..." गेनूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रड. इथं मनसोक्त रड. मालकापुढे रडलास तर माझं नाव सांगू नकोस."

दर शनिवारी दुपारी अशी तालीम असायची. निसळ टोपी तिरपी करून मालक व्हायचे आणि एकेकाला पुढे बोलवायचे. "काय रे लंगड्या, आग लागली तर पळशील, का जळशील?" "ए आंधळ्या, माझ्या गिऱ्हाइकाला धडकलास तर?" "तुझं तोंड बघून बायामाणसं घाबरतील, तुला पडद्यामागं बसवू का?" असलं काय काय. माणसं लालबुंद व्हायची. जो न चिडता उत्तर देईल त्यालाच चिठ्ठी मिळायची. एकदा पाय गेलेला एक पोरगेला शिपाई ऐकताऐकता उठला, कुबड्या घेतल्या आणि निघून गेला. पुन्हा कधी आला नाही. मला राहवेना. मी म्हटलं, "अहो निसळ, काय हे? घालवलंत ना त्याला!"

"मालकानं घालवलाच असता. मी घालवला, एवढंच. मालकाच्या दारापर्यंतची त्याची पायपीट वाचली."

असा माणूस. बोलायला जावं तर अंगावर काटेच.

मालकांच्या दारात मात्र त्यांच्याबरोबर जाण्यात मजा होती. हुकमाची छापील मराठी प्रत ते कोटाच्या वरच्या खिशात ठेवायचे. ती डाव्या हातात धरून खड्या आवाजात वाचायचे, आणि शेवटच्या ओळीवर त्यांचा अंगठा असायचा. त्या ओळीत सरकारनं लिहिलं होतं, 'शक्य असल्यास'. कारखानदारांनी अशी माणसं ठेवावीत, शक्य असल्यास. आमच्या सगळ्या हुकमाचा जीव त्या दोन शब्दांत होता आणि मरणही. निसळांनी ते शब्द कधी वाचले नाहीत आणि कुणाला वाचू दिले नाहीत. एकाच हाताचा माणूस कागद धरून उभा आहे, त्याला अंगठा काढा असं म्हणणार कोण? मालक चष्म्यातून वाकून बघायचे, घुटमळायचे आणि बरं म्हणायचे. त्या प्रतीवर तेवढ्या जागी तेलकट डाग पडला होता.

कापडबाजाराच्या मागं एक मागवाला शेठ होता. त्यानं सुताच्या परवान्यासाठी एक पाय नसलेला शिपाई घेतला आणि दारात स्टुलावर बसवला. सरकारी माणूस यायचा असेल त्या दिवशी स्टूल, शिपाई, सगळं हजर. बाकीचे दिवस शिपाई घरी. निसळांना वास लागला. एका मंगळवारी न सांगता गेले. स्टूल रिकामं. शेठ हात जोडून म्हणाला, "आम्हाला त्याची फार दया येते हो, साहेब. म्हणून त्याला आराम देतो."

निसळ त्या स्टुलावर जाऊन बसले. "ठीक आहे. तो येईपर्यंत मी बसतो."

आणि बसले की! सकाळपासून दिवे लागायच्या सुमारापर्यंत. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला खणखणीत सांगायचे, "आत जा, आत जा. शेठना लुळ्यापांगळ्यांची फार दया येते. दया बघायला आलात, का लुगडं घ्यायला?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पुरुष पायरीवरूनच परत फिरायचे. दुपारी शेठनं चहा पाठवला, तो यांनी गटारात ओतला. संध्याकाळी शेठ रडकुंडीला आला. दुसऱ्या दिवसापासून तो शिपाई आत मागाजवळ कांड्या भरायला बसला, आणि पुढं चांगला वाकबगार झाला. मला वाटतं तो निसळांना आयुष्यभर शिव्या देत असेल, कारण शेठ त्याला रोज शिव्या द्यायचा. पण कामावर होता.

या सगळ्या खटाटोपात निसळांना स्वतःला एकच गोष्ट हवी होती. कायम व्हायचं होतं. त्याचं कारण मला राहात्याला कळलं.

झालं असं, की त्या साखर कारखान्याला लोखंडी सामानाचा परवाना हवा होता आणि त्यांच्याकडून पत्र आलं, एखादा होतकरू जायबंदी पाठवा. साहेबानं निसळांनाच जा म्हटलं. गेनूला घेऊन आम्ही सकाळच्या मनमाडच्या गाडीनं गेलो. निसळ वाटभर खिडकीबाहेर बघत होते. मॅनेजर तोच होता, शाल-नारळ देणारा. त्यानं निसळांना ओळखलं, बसा म्हणाला. गेनूनं शिकवल्याप्रमाणे पुढं होऊन हात टेबलावर ठेवला, मग नाव-गाव सांगितलं. पलटणीत हजेरी लिहायची सवय त्याला झालेली, डाव्या हातानं चार आकडे काढून दाखवले. वाकडेतिकडेच होते.

"चालेल," मॅनेजर म्हणाला. "टाइमकीपरची जागा आहे. हात नसला तरी काय, घड्याळ बघायला डोळे लागतात."

मी निसळांकडे बघितलं. त्यांनी हुकूम काढला, अंगठा जागेवर ठेवला आणि नेहमीसारखा वाचला. वाचायची काही गरज नव्हती.

मग आम्ही गेनूला त्याच्या जागेवर बसवायला गेलो. खिडकी तीच, खुर्ची तीच. खुर्चीच्या उजव्या हातावर कुणीतरी चाकूनं अक्षरं कोरली होती. वा. ग. नि. गेनूनं त्यावर आपलं थोटकं टेकवलं. मॅनेजर मागून येऊन सहज बोलावं तसं म्हणाला, "निसळ, तुम्ही लढाईत गेला असतात, तर तुम्हालाच घेतलं असतं हो. आमच्या चरकात गेला हात, त्याचा परवाना कोण देतो?"

"चुकलंच माझं," निसळ म्हणाले. आणि हसले. मी त्यांना हसताना बघितलं ते तेव्हाच.

बाहेर पडल्यावर म्हणाले, "आलोच आहोत तर राहात्याला जाऊ. सासुरवाडी आहे माझी." मला यांचं लग्न झालंय हेच माहीत नव्हतं. टांग्यात तुटक तुटक सांगितलं. हात गेला त्या वर्षी सासऱ्यांनी मुलीला माहेरपणाला म्हणून नेलं ते परत पाठवलंच नाही. जावयाची नोकरी कायम होईपर्यंत मुलगी पाठवणार नाही. सहा वर्षं होऊन गेली होती त्याला.

सासरे शाळामास्तर, पंचक्रोशीत मान असलेले. घरी सत्यनारायण होता. आमचं स्वागत अगदी गोड झालं. "या या जावईबापू, बरे वेळेवर आलात!" पानं मांडली गेली. ओसरीवर पंगत, रांगोळ्या, उदबत्त्या. मला पंगतीत बसवलं. निसळांचं पान मागच्या पडवीत, तुळशीवृंदावनापलीकडे एकट्याचं मांडलं होतं. डाव्या हातानं जेवणारा माणूस पंगतीत कसा बसवायचा!

"गैरसमज नको हं," सासरे म्हणाले. "चार सोवळ्यातली माणसं आहेत. तुम्ही समजूतदार आहात."

"हो, हो," निसळ म्हणाले आणि पडवीत गेले. मालकांना स्टुलावर बसून रडवणारा माणूस, हो हो म्हणाला! मी पंगतीत बसून जेवलो. शिरा चांगला झाला होता.

माझ्या पानावरून दाराच्या फटीतून पडवी दिसत होती. त्यांची बायको, सुशीला नाव, वाढायला गेली. बारीक चणीची, डोळे खाली. त्यांनी कोटाची बाही खिशात आणखी खोल सारली. मला तिचं बोलणं ऐकू आलं.

"कायम कधी होणार?"

"होईल. नवीन साहेब आले की होईल."

"मी ट्रंक भरून ठेवलीय. मागच्या दिवाळीपासून." आतून हाक आली, तशी ती निघून गेली.

परत येताना गाडीत त्यांनी शेंगा घेतल्या. पुडी मांडीत धरून डाव्या हातानं फोडून खात होते. तीन वर्षांत मी त्यांना खाताना कधी बघितलं नव्हतं, कचेरीत भिंतीकडे तोंड करून डबा खायचे. मला म्हणाले, "घ्या ना मुळे. डाव्या हाताच्या आहेत, चालतील ना?" मी घेतल्या. त्या दिवशी मला हा माणूस आवडला. ते फार दिवस टिकलं नाही.

स्वराज्य आलं, गोरा साहेब गेला, आपला साहेब आला. मऊ बोलणारा, गंध लावणारा, नियमाला धरून चालणारा. महिन्याभरात परिपत्रक आलं, हंगामी लोकांना कायम करायचं आहे, प्रत्येकानं फॉर्म भरून द्यावा आणि डॉक्टरची तपासणी व्हावी. निसळांनी साहेबाला सहज म्हणून विचारलं, अंगानं अधू असलेल्यांचं कसं. साहेब म्हणाला, "लढाईत जायबंदी झालेल्यांना सूट आहे. बाकी सरकारी नोकर अंगानं धड हवा, नियम आहे." हे बोलताना तो त्यांच्याकडे बघतही नव्हता, फाइल चाळत होता. त्याच्या ध्यानातच आलं नसावं.

फॉर्म टाइप करायचं काम माझं. निसळांनी आपला मजकूर त्या सुंदर अक्षरात लिहून माझ्याकडे दिला. मी टाइप करत खाली आलो. रकाना होता, शारीरिक व्यंग असल्यास लिहावे. त्यापुढं त्यांनी लिहिलं होतं, निल.

मी थांबलो. ते माझ्याकडेच बघत होते.

"निसळ, हे..."

"तीन वर्षं सगळे हा कोट बघतायत. डॉक्टर छातीला नळी लावतो, जीभ बघतो आणि सही करतो. साहेबांना काय दिसत नाही का? दिसतं. फक्त कागदावर यायला नको." मग आवाज खाली गेला. या माणसाचा आवाज खाली गेलेला मी ऐकला नव्हता. "चालेल ना, मुळे?"

आता ऐका, मी काय केलं ते. मला माहीत होतं हे चालणार नाही. गेनूची घोंगडी ओढणाऱ्या माणसानं स्वतः घोंगडी पांघरली होती, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण एक नंबरची जागा एकच होती. ते कायम झाले तर मी जन्मभर त्यांच्या हाताखाली. मी म्हटलं, "चालून जाईल हो! कोण बघतंय?" आणि निल टाइप केलं. त्यांनी डाव्या हातानं सही केली, आणि तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवला. तसं कधी केलं नव्हतं त्यांनी.

डॉक्टर म्हणाला, कोट काढा.

चौथ्या दिवशी साहेबानं आम्हा दोघांना आत बोलावलं. कागद पुढं सरकवला. साहेब चिडला नव्हता, उलट त्याला वाईट वाटत होतं, आणि तेच जास्त घाण होतं. "निसळ, तुम्ही खरं लिहिलं असतंत तर मी वर शिफारस केली असती. खास बाब म्हणून. तुमचं काम मी बघतोय. पण तुम्ही खोटं लिहिलंत. खोटं लिहिणाऱ्याला मी कसा ठेवू?"

निसळांनी कागद परत साहेबाकडे सरकवला.

"मुळे, तुम्ही टाइप केलंत. तुमच्या लक्षात आलं नाही?"

"मी समोर असेल ते टाइप करतो, साहेब," मी म्हटलं.

निसळांनी माझ्याकडे बघितलं.  बाहेर येऊन आपल्या टेबलावरून टाक उचलला, हुकमाची प्रत खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि गेले. पाठीमागून तो कोट फार जुना दिसत होता. पुढच्या सोमवारी मी त्यांच्या खुर्चीवर बसलो. कायम होऊन.

पंधरवड्यानं राहात्याहून त्यांच्या नावचं कार्ड आलं. कार्ड उघडंच असतं, मी वाचलं. 'बाबा म्हणतात परिपत्रक निघाल्याचं पेपरात वाचलं. कायम झालात का? कधी न्यायला येता ते लिहावे म्हणजे तशी तयारी ठेवते.' माळीवाड्यात निसळांची खोली कुठं आहे हे मला ठाऊक होतं, नेऊन देता आलं असतं. पण त्या खोलीच्या दारात उभं राहून त्यांच्या हातात ते कार्ड द्यायचं, हे माझ्यानं होणार नव्हतं. मी त्यावर 'येथे नाहीत' असं लिहिलं आणि परत पाठवलं. सासऱ्यांच्या हाती ते पडलं असणार. पुढं काय झालं ते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही.

माझ्या हातून कामं फारशी होत नव्हती. मी मालकांपुढं हुकूम पूर्ण वाचायचो. मालक म्हणायचे, "शक्य असल्यास ना? सध्या शक्य नाही." आणि चहा पाजून वाटेला लावायचे. शनिवारच्या तालमी मी बंद केल्या होत्या. सगळे म्हणायचे, मुळे साहेब फार सज्जन. रांग मात्र वाढत चालली.

पावसाळा संपल्यावर एका सकाळी अशीच रांग होती. दारापासून पार रस्त्यापर्यंत. मी रजिस्टर उघडलं आणि मान खाली घालून ओरडलो, "पुढचा!" बरीच माणसं झाली. बोटांना शाई लागली होती. पुन्हा म्हटलं, "पुढचा!"

 फक्त टेबलावर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला, अगदी हलका. मान मी वर केली नव्हती, पण टेबल तर दिसतच होतं. रजिस्टरच्या वरच्या कडेशी एक हात होता, कोपराशी संपलेला. टोकाला कातडी गोळा होऊन शिवलेली, पांढरट, कधी ऊन न बघितलेली. एका बाजूला पिनेनं खुपून खुपून पडलेले बारीक काळे डाग. सदऱ्याची बाही वर गुंडाळलेली. कोट नव्हता.

मी मान वर करायला हवी होती. निसळ, बसा, असं म्हणायला हवं होतं. साहेब त्या दिवशी गावाला गेला होता, रजिस्टर माझ्या हातात होतं. एका रकान्यावर अंगठा ठेवायचा, बस एवढंच करायचं होतं. ते मला त्यांनीच शिकवलं होतं. पण मागं माणसं उभी होती, आणि मला त्या तोंडाकडे बघायचं नव्हतं.

"नाव?" मी विचारलं.

"वामन गणेश निसळ."

"गाव?"

"नगर."

लिहिलं. माझा टाक पुढच्या रकान्यावर गेला.

"पलटण?"

त्यांनी एखादं नाव ठोकून दिलं असतं तरी चाललं असतं. त्यांना सगळ्या पलटणींची नावं तोंडपाठ होती आणि मी ते लिहिलंही असतं, शपथेवर सांगतो. पण थोटकं तसंच टेबलावर होतं, जराही न हलता.

"निल," ते म्हणाले.

मी तसंच लिहिलं. समोर असेल ते मी लिहितो. टेबलावरचा हात हळूच मागं गेला, आणि मी रजिस्टरवरून मान न उचलता म्हटलं, "पुढचा."